विश्लेषण : आग विझवणाराच आगलाव्या निघतो तेव्हा...

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ग्लेंडेल अग्निशमन दलाचा कॅप्टन जॉन ऑर आगीची कारणे शोधण्यात निष्णात मानला जाई. त्यानेच वर्षानुवर्षे आगी लावल्याचे पुढे उघड झाले. पण त्याला पकडायला इतका वेळ का लागला?

संशय कसा आला?

१९८७ मध्ये फ्रेस्नो येथे आगींचा तपास करणाऱ्यांची परिषद झाली. त्याच सुमारास आसपासच्या शहरांत दुकानांना आगी लागल्या. बेकर्सफील्डमध्ये सिगारेट, काड्या आणि वहीचा अर्धवट जळलेला कागद सापडला. कागदावर बोटाचा ठसा होता. आगलाव्या परिषदेतलाच असावा, हा तेथील कॅप्टन मार्विन केसी यांचा तर्क फारसा कुणी मनावर घेतला नाही.

ठसा असूनही सुटला कसा?

१९८९ मध्ये दुसऱ्या परिषदेच्या वेळीही तसेच घडले. दोन्हीकडे हजर असलेल्या मोजक्या जणांचे ठसे तपासले गेले; त्यात ऑर होता, तरी ठसा जुळल्याचे लक्षात आले नाही. तो जुळला १९९१ मध्ये.

शिक्षा काय झाली?

१९८४ मध्ये साउथ पॅसाडेनातील दुकानाच्या आगीत चौघांचा बळी गेला. त्यांत दोन वर्षांचे बाळ होते. ही आग आधी अपघात ठरली होती. १९९८ मध्ये या चार खुनांसाठी ऑर दोषी ठरला आणि त्याला पॅरोलविना जन्मठेप झाली.

धडा कोणता?

अग्निशमन जवानांवर लोकांचा विश्वास आहे आणि तो राहायलाच हवा. म्हणूनच संशयितांच्या यादीतून केवळ गणवेशामुळे कुणाला वगळता कामा नये. केसी यांनी आपल्याच लोकांवर बोट ठेवण्याचे धाडस केले; ते वेळीच ऐकले असते, तर पुढच्या कितीतरी आगी टळल्या असत्या.