जुन्या किमोनोच्या ढिगात

क्योटोला जाणार असाल तर महिन्याची २१ तारीख साधा. त्या दिवशी तोजी देवळाच्या आवारात मोठा बाजार भरतो. शिंगोन पंथाचे प्रवर्तक कोबो दाइशी यांची ही पुण्यतिथीची तारीख, म्हणून बाजाराचं लाडकं नाव ‘कोबोसान’. २५ तारखेला कितानो तेनमांगूला असाच दुसरा बाजार असतो. झाडं, लोणची, भांडी, सगळं मिळतं. आम्ही तिघी मैत्रिणी मात्र जातो ते जुन्या किमोनोंसाठी.

मला किमोनो आपल्या साडीची मावसबहीणच वाटते. जेमतेम ३६-३८ सेंटिमीटर रुंद आणि बारा मीटरच्या आसपास लांब असा एकच ताका, तो सरळ कापायचा आणि सरळच शिवायचा. गोल काप जवळजवळ नाहीच. उसवला की पट्ट्या जोडून पुन्हा ताका तयार! पूर्वी किमोनो असेच उसवून धूत, ताणून वाळवत आणि पुन्हा शिवत.

ढिगापाशी आमची कामं वाटलेली आहेत. बेळगावची मैत्रीण डाग शोधते: गळपट्टी, बाह्यांची टोकं, खालची कड. मी माप बघते, पाठीच्या मध्यापासून मनगटापर्यंत. जुन्या बायका ठेंगण्या, त्यामुळे जीव जडावा असा किमोनो हाती येतो आणि बाही मनगटाच्या चार बोटं वर थांबते. जपानी मैत्रीण वास घेते. कापराचा वास उडतो, कुबट वास जात नाही, हे तिचं ठाम मत. आतलं अस्तर लालभडक रेशमाचं निघालं तर किमोनो बहुधा युद्धापूर्वीचा. आणि ‘सारासा’ शब्द कानावर आला तर जरूर थांबा. आपल्याकडून समुद्रमार्गे गेलेल्या छापील सुती कापडाचं ते जपानी नाव आहे.

कधी कधी शिवणीवर पांढरा कच्चा धागा तसाच असतो. घालण्याआधी तो काढतात. म्हणजे हा किमोनो कुणी घातलाच नाही! लेकीसाठी हौसेनं शिवला, कपाटात राहिला आणि आता या ढिगात आला.

जपानी मैत्रिणीच्या घरी सध्या हाच घोर आहे. आजीचं घर रिकामं करायचंय, किमोनोंची दोन कपाटं भरलेली, आणि व्यापारी सगळ्यांचा मिळून एकच भाव सांगतो. कापून पिशव्या, झगे कर, असं मी सुचवलं तर ती गप्पच झाली.

“अगं, आम्ही आजीच्या इरकलींची गोधडी केली,” बेळगावकरीण म्हणाली. “कापल्या म्हणून आजी कुठं गेली नाही. रोज पांघरतो की.”

परवा तिनं निवड केली. पाच कुलचिन्हांचा काळा किमोनो तसाच राहणार. सुती होते ते गोधडीला. एक निळा रेशमी मात्र तिनं बेळगावकरणीच्या हातात ठेवला आणि बजावलं, डावी बाजू वर घे. उजवी वर फक्त मृताला घालतात.

बाही तिलाही चार बोटं आखूडच आहे.