गिअरबॉक्सला तडा: वेल्डिंग करायचं की अख्खा बदलायचा? आणि हे ठरवणार कोण?

रस्त्यातला दगड, खोल खड्डा किंवा प्रमाणाबाहेर उंच स्पीडब्रेकर. खालून ‘खाड्’ असा आवाज येतो, पण गाडी चालत राहते. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये तेलाचा डाग दिसतो. मेकॅनिक गाडी लिफ्टवर घेतो आणि सांगतो, ‘चेंबर शाबूत आहे, पण गिअरबॉक्सच्या हाऊसिंगला क्रॅक गेलाय.’

आता तुम्हाला बहुतेक दोन उत्तरं मिळतात. सर्व्हिस सेंटर म्हणतं, ‘पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल.’ गॅरेजवाला म्हणतो, ‘आर्गन वेल्डिंग मारून देतो.’ दोन्ही बिलांमध्ये प्रचंड फरक असतो. यातलं बरोबर उत्तर कोणतं, हे क्रॅक कुठे आहे यावर अवलंबून आहे.

हाऊसिंग म्हणजे नुसता डबा नाही

हाऊसिंग हे गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच. बहुतेक गाड्यांत ते ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, साच्यात दाबाने ओतून बनवलेलं असतं. त्याची दोन कामं आहेत. पहिलं, आत तेल धरून ठेवणं. दुसरं जास्त महत्त्वाचं: गिअरच्या शाफ्टचे बेअरिंग याच कवचात बसतात. म्हणजे दोन शाफ्टमधलं अंतर आणि त्यांची सरळ रेष हे कवचच सांभाळतं. ती रेष जरा जरी हलली तरी गिअरचे दात नीट जुळत नाहीत. आधी आवाज येतो, मग दात झिजतात.

लहान मॅन्युअल गाडीच्या गिअरबॉक्समध्ये साधारण दोन लिटरच्या आसपास तेल असतं. ते संपत आलं तरी बहुतेक मॅन्युअल गाड्यांत डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. म्हणून ‘थोडंच गळतंय’ म्हणत गाडी पळवली, तर कवचाचा खर्च गिअर आणि बेअरिंगपर्यंत जातो.

वेल्डिंग शक्य आहे, पण सोपं नाही

ॲल्युमिनियम साधारण ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर मात्र २,००० अंशांच्या पुढे वितळतो. तो थर काढला नाही तर जोड धरत नाही. शिवाय दाबाने ओतलेल्या धातूत हवेचे बारीक कप्पे अडकलेले असतात आणि क्रॅकमध्ये जुनं तेल मुरलेलं असतं. उष्णता लागली की दोन्ही बुडबुडे होऊन बाहेर येतात आणि जोड सच्छिद्र राहतो.

म्हणून चांगला कारागीर गिअरबॉक्स उतरवतो, पूर्ण खोलतो, कवच धुतो. क्रॅक पुढे पळू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडतो. क्रॅकवर ‘व्ही’ आकाराची खाच करतो, कवच आधी तापवतो, मग आर्गन म्हणजेच टिग वेल्डिंग करतो. शेवटी रंगीत द्रव लावून क्रॅक उरलाय का ते बघतो. गाडीखाली आडवं पडून, तेल गळत असताना मारलेलं वेल्डिंग ही दुरुस्ती नव्हे.

आता निर्णयाचं साधं सूत्र:

- क्रॅक नुसत्या भिंतीवर, बेअरिंगपासून लांब: नीट केलेलं वेल्डिंग चालतं.
- माउंटिंगचा कान तुटलाय: तिथे सतत हादरे बसतात. वेल्डिंग होऊ शकतं, पण कारागीर अनुभवी हवा.
- क्रॅक बेअरिंगच्या खोबणीत: तिथलं माप वेल्डिंगच्या उष्णतेने बदलतं आणि ते मशिनवर पुन्हा अचूक काढावं लागतं. इथे कवच बदलणंच शहाणपणाचं.
- एपॉक्सी पुटी: गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरतीच.

इन्शुरन्सचं गणित

अपघाती धक्क्याने क्रॅक गेला तर सर्वसमावेशक पॉलिसीत दावा करता येतो. झिजून किंवा जुनेपणामुळे झालेलं नुकसान त्यात बसत नाही. नव्या धातूच्या पार्टवर घसारा कापला जातो. गाडी ५ ते १० वर्षांची असेल तर ४० टक्के, १० वर्षांवर असेल तर ५० टक्के. झिरो डेप घेतलेलं असेल तर हा फटका टळतो. मात्र गळती दिसूनही गाडी चालवली, तर पुढच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी.

मोबाइलसारखीच अडचण

तिसरा पर्याय खरं तर सरळ आहे: फक्त नवं कवच घ्या, आतले चांगले गिअर त्यातच बसवा. अडचण ही, की ते सुटं कवच तुम्हाला मिळेल का? फोनचा एक पार्ट गेला की ‘बोर्डच बदला’ सांगतात, तसंच हे. एएमटी आणि ऑटोमॅटिक गाड्यांत आणखी एक कुलूप आहे. गिअरबॉक्स खोलून बसवल्यावर अनेक मॉडेलमध्ये स्कॅनर लावून क्लच आणि गिअरची मापं कंट्रोलरला पुन्हा शिकवावी लागतात. कारागिराचा हात कितीही चांगला असो, ते सॉफ्टवेअर त्याच्याकडे नसेल तर गाडी अडते.

भारतात हा वाद जुना आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळत नाहीत, हाच आक्षेप होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असंही आदेशात होतं. कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं आणि प्रकरण कोर्टकचेरीत लांबलं.

पुढे २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ची समिती नेमली, पोर्टलही आलं. त्यातल्या चार क्षेत्रांत गाड्या आहेत. पण २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल आला तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी. पोर्टलवर माहिती मिळते, पण सुटा पार्ट आणि स्कॅनरचं सॉफ्टवेअर ठरावीक दरात द्यायलाच हवं, अशी सक्ती त्याने होत नाही. माझ्या मते खरी गरज त्या सक्तीची आहे. फोन बंद पडला तर आपण दुसरा वापरतो. गाडीवर पोट असलेल्या टॅक्सीवाल्याचा मात्र रोज बुडतो.

तोपर्यंत तुमच्या हातात काय?

गळती दिसली की गाडी टो करा. क्रॅकचे फोटो काढा, इन्शुरन्स कंपनीला आधी कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत गिअरबॉक्स खोलू देऊ नका. मग सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा: फक्त कवचाचा पार्ट नंबर आणि किंमत काय? असेंब्लीच का बदलायची? लेखी उत्तर मागितलं की अनेकदा तिसरा पर्याय निघतो. नाहीच निघाला, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना तेच उत्तर उपयोगी पडतं.