मावशी, मॅच थांबवता येत नाही!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. संभाजीनगरात उन्हाळ्यात पाण्याचे काय हाल असतात, ते इथल्या बायकांना वेगळं सांगायला नको. नळाचा दिवस हुकला होता आणि सकाळी साडेसहाला गल्लीत टँकर येऊन उभा राहिला. हंडे, कॅन, बादल्या घेऊन आम्ही सगळ्या धावलो. एरवी पाइप कुणाच्या हातात, यावरून भांडण जुंपतं आणि त्या भांडणात निम्मं पाणी रस्त्यावर वाहून जातं. त्या दिवशी मात्र मागून एक आवाज आला. "काकू, पाइप तुम्हीच धरा, सोडू नका. दादा, मोठे ड्रम मागे घे. आधी आजींचं भरू, त्यांच्या दोनच घागरी आहेत. बाकीच्यांनी झाकणं काढून ठेवा." वीस मिनिटांत गल्ली भरून झाली. कुणाचं कुणाशी वाजलं नाही.

आवाज माझ्या भाचीचा होता!

मैत्रिणींनो, ही मुलगी कन्नड तालुक्यातल्या खेड्यातून शिकायला माझ्याकडे आलेली. वय अठरा, बी.कॉम.चं पहिलं वर्ष. आली तेव्हा पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायची. मेडिकलच्या दुकानात औषधाचं नाव सांगायचं तर कागदावर लिहून न्यायची. ती अशी गल्लीला हुकूम सोडते? मी हंडा खाली ठेवून विचारलं, "अगं, हे कुठं शिकलीस?" तर म्हणाली, "गेममध्ये, मावशी. मी तिथं लीडर असते."

मला हसूच आलं. कारण त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या दाजींचा फोन येऊन गेला होता. पोरगी रात्री मोबाइलवर पोरांशी बोलत असते, असं कुणीतरी गावात त्यांच्या कानावर घातलं होतं. "ताई, परीक्षा झाली की घेऊन जातो तिला," असं ते म्हणाले होते. गेम म्हणजे बिघडलेली मुलं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. खोटं कशाला बोलू, माझ्याही डोक्यात तेच होतं. पण निकाल देण्याआधी एकदा बघावं तरी, असं ठरवून तीन संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी तिच्या शेजारी बसले.

ती खेळते तो खेळ म्हणजे बीजीएमआय. आधी हाच पब्जी होता. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली, पुढे २०२१ मध्ये तो नव्या नावाने आला. मधे २०२२ मध्ये पुन्हा बंद पडला आणि २०२३ मध्ये परत आला. एका बेटावर शंभर जण उतरतात, चौघा-चौघांचे संघ असतात आणि सुरक्षित जागेचं वर्तुळ लहान लहान होत जातं. शेवटी जो संघ उरेल तो जिंकला. बंदुकांचा तो आवाज मला अजूनही आवडत नाही. पण मी पडद्याकडे कमी आणि भाचीकडे जास्त बघत होते. कुठं उतरायचं, औषधाचा डबा कुणी घ्यायचा, कुणी पुढं जायचं आणि कुणी पाठ राखायची, हे सगळं ती ठरवत होती. एक गडी जायबंदी झाला तर त्याला उचलायला जायचं की बाकीच्या तिघांना वाचवायचं, हे दोन सेकंदांत सांगत होती. वाक्यं चार-चार शब्दांची, ओरडणं नाही. मी मधेच "भाजी निवडायला ये" म्हटलं, तर हात जोडून म्हणाली, "मावशी, ही मॅच थांबवता येत नाही. मी उठले तर तिघं अडकतात." आजवर मुलांचं हे वाक्य मला उद्धटपणाच वाटायचा. खरंच थांबवता येत नाही, हे त्या दिवशी कळलं.

सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते हरल्यानंतरचं. चौघंही बाद झाले. मला वाटलं आता एकमेकांवर घसरतील. तर ही शांतपणे म्हणाली, "माझं चुकलं. मी निघायला उशीर केला. पुढच्या वेळी आधी निघू." बस्स. आता मला सांगा, आपल्या घरात "माझं चुकलं" हे वाक्य शेवटचं कुणाच्या तोंडून ऐकलंत?

तेव्हा मला माझे बचत गटाचे दिवस आठवले. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झालं, पण गट गावोगाव पोचायला पुढं बरीच वर्षं गेली. मी या कामात पडले तेव्हा बैठकीत स्वतःचं नाव सांगताना पदराचं टोक चावणाऱ्या बाया मी बघितल्यात. त्यांना भाषणकलेचे वर्ग कुणी घेतले नव्हते. दहा-पंधरा जणींचा गट, महिन्याची ठरलेली रक्कम, एक वही आणि "या वर्षी अध्यक्ष तू" एवढंच. कर्ज कुणाला आधी द्यायचं, हप्ता चुकवणारीच्या दारात कसं जायचं, तिचा अपमान न करता पैसे कसे मागायचे, हे करता करताच त्या बोलायला शिकल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना निम्म्या जागा मिळाल्या, तेव्हा अशा कितीतरी जणी निवडणुकीला उभ्या राहिल्या. आत्मविश्वास आधी आला नाही. आधी जबाबदारी आली.

बंदुकीचा खेळ म्हणून कुणाला हे पटणार नाही, तर बुद्धिबळाचं घ्या. तेही ऑनलाइन आणि तेही संघाने खेळलेलं. करोनामुळे २०२० सालचं बुद्धिबळ ऑलिम्पियाड इंटरनेटवर झालं. भारतीय संघाचा कर्णधार होता आपल्या नाशिकचा विदित गुजराथी, वय अवघं पंचवीस. संघात पाच वेळचा विश्वविजेता विश्वनाथन आनंद, कोनेरू हम्पी, हरिका, गोव्याची भक्ती कुलकर्णी आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख. खेळाडू बारा आणि पट सहा. त्यातही दोन पुरुष, दोन महिला, एक कुमार, एक कुमारी असा नियम. म्हणजे प्रत्येक लढतीत सहा जणांना "तू या वेळी बस" असं कुणीतरी सांगायचं. पंचवीस वर्षांच्या मुलाने हे आपल्याहून मोठ्या, नामवंत माणसांसमोर ठरवायचं, तेही समोरासमोर नाही, कारण सगळे आपापल्या घरी! खांद्यावर हात ठेवता येत नाही, चेहरा नीट दिसत नाही. आवाजावर आणि विश्वासावर संघ धरून ठेवायचा.

३० ऑगस्ट २०२० ला रशियाशी अंतिम सामना होता. पहिल्या फेरीत ३-३ बरोबरी झाली. दुसऱ्या फेरीत जगभर इंटरनेट कोलमडलं आणि ऐन डावात दिव्या आणि निहाल सरीन यांचा संपर्क तुटला. वेळ संपली, डाव गेले. भारताने दाद मागितली आणि जागतिक संघटनेने दोन्ही देशांना संयुक्त विजेते ठरवलं. ऑलिम्पियाडमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पुढं जुलै २०२५ मध्ये हीच दिव्या जॉर्जियात हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली. ते यश त्या एका स्पर्धेमुळे आलं, असं मी म्हणणार नाही. त्यामागे तिची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. पण चौदाव्या वर्षी मोठ्यांच्या संघात तिच्या पटाची किंमत तेवढीच धरली गेली, ही गोष्ट काही लहान नाही.

अमेरिकेत या विषयावर बरंच आधी लिहिलं गेलंय. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या मासिकात मे २००८ मध्ये काही प्राध्यापकांचा लेख आला होता. मोठमोठ्या ऑनलाइन खेळांत शेकडो माणसं एकमेकांना न भेटता संघ चालवतात, ते बघून त्यांनी लिहिलं होतं. त्यातला एक मुद्दा मला फार पटला. तिथं पुढारीपण कायमचं नसतं. आज पुढं असलेला उद्या मागं उभा राहतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. दुसरा मुद्दा असा की, माणूस जन्मजात पुढारी असण्याइतकंच भोवतालची व्यवस्था नीट असणं महत्त्वाचं. सगळ्यांना सगळी माहिती दिसते, कष्टाचं फळ लगेच कळतं, म्हणून साधा माणूसही तिथं पुढं येतो.

याचा उलटा अनुभवही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई आता गेमची जाहिरात करायला लागली. ओळखीतला एक मुलगा गेममध्ये मोठा पुढारी, आसपासची पोरं त्याला मानतात. परवा आईबरोबर बँकेत गेला, तर खिडकीपाशी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी आईनेच विचारून फॉर्म भरला. म्हणजे पडद्यावर जमलं की घराबाहेर आपोआप जमतं, असं नाही. माझ्या मते त्याचं कारण पडद्यात नसून घरात आहे. त्या मुलाला घरात कुणी कधी कामच सांगितलेलं नाही. गॅसचा नंबर लावणं, लाइटबिलाची तक्रार करणं, लग्नात वाढप्यांना सांभाळणं, सगळं आईबाप करतात. माझ्या भाचीला मी आल्या दिवसापासून दूध, किराणा, दळण सोपवलं होतं. तिच्या तिकडच्या सवयीला इकडं पाय टाकायला जागा होती.

आणि धोके आहेतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जानेवारी २०२२ पासून गेमिंगचा विकार लागू झालाय. खेळावरचा ताबा सुटणं, जेवण-अभ्यास-माणसं यांच्यापेक्षा तोच मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं आणि हे बहुधा वर्षभर चालणं, ही त्याची खूण. रात्री दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या मुलाला कसलं पुढारीपण शिकवताय? बीजीएमआयमध्ये अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातलेली आहे, पण वय खोटं टाकणारी मुलं आपल्याच घरात असतात.

पैशाच्या खेळांची गोष्ट तर वेगळीच, आणि तिथंच आपण बायका गल्लत करतो. माझ्या कामात मी असं घर पाहिलंय, जिथं मुलाने पत्त्यांच्या ॲपवर वडिलांच्या खात्यातले पैसे घालवले आणि आईने मंगळसूत्र गहाण ठेवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला, तो याचसाठी. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्यात बंदी आहे. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून कौशल्याने खेळायच्या खेळांना मान्यता दिली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्येच ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा खात्याकडे गेला होता, आणि २०२३ मध्ये चीनमधल्या आशियाई स्पर्धांत त्याला पदकंही होती. सरकारने जो फरक केला तो घरात आपणही करायला हवा. मुलगा काय खेळतो, त्यात पैसे लावावे लागतात का, एकटा खेळतो की संघात, हे विचारायला फार शिक्षण लागत नाही. "काय खेळतोस, दाखव" एवढं म्हटलं तरी पुरे.

मुलींचं मात्र मला जास्त बोचतं. भाचीने सांगितलं, पहिले सहा महिने ती माइक बंद ठेवून खेळायची. नावही मुलाचं वाटेल असं घेतलेलं. कारण मुलीचा आवाज ऐकला की समोरून घाण बोलतात, नाहीतर "पोरगी आहे, हरलो आता" म्हणतात. एका रात्री त्यांच्या लीडरचं नेटवर्क गेलं आणि उरलेले दोघं गोंधळले. ही बघत होती की दोघं चुकीच्या बाजूला चाललेत. तिने माइक चालू केला आणि म्हणाली, "उजवीकडे वळा, पूल ओलांडू नका." क्षणभर कुणी बोललं नाही. मग वळले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "आज तू सांगशील का?" आता हे तिघं कोण, तर एक तिच्या वर्गातला, एक पैठणचा आणि एक बुलढाण्याचा. घाण बोलणाऱ्याला ती आता खेळातून काढून टाकते आणि तक्रारही नोंदवते. हेही तिला कुणी शिकवलं नाही. पण किती जणींचा माइक अजून बंद असेल?

परीक्षा संपली तसे दाजी खरंच आले. जेवण झालं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पप्पा, आज मॅच आहे. बघा तर खरं." ते खुर्ची ओढून बसले, हाताची घडी घालून. अर्धा तास त्यांच्या तोंडून चकार शब्द नाही. संघ तिसरा आला. तिने हेडफोन काढला, तेव्हा त्यांनी विचारलं,

"ही पोरं तुझं ऐकतात?"

"हो."

"तू चुकलीस तर?"

"तर दुसरा सांगतो. मी ऐकते."

दाजी बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "ताई, चहा टाका. साडेपाचची कन्नडची गाडी आहे." स्टँडवर सोडायला भाची त्यांच्याबरोबर गेली. तिची बॅग घरातच होती.