मेजावरचे मग्दाला

इंग्लंड-अमेरिकेतील सुखवस्तू घरांत एक छंद गेली कित्येक दशके नांदतो आहे. बोटाच्या पेराएवढे धातूचे वा प्लास्टिकचे सैनिक आणायचे, बारीक कुंचल्याने त्यांचे गणवेश रंगवायचे, मेजावर डोंगर-ओढे उभारायचे आणि फासे टाकून इतिहासातील लढाया पुन्हा लढायच्या. वॉटर्लूचा कंटाळा आला की हे छांदिष्ट एकोणिसाव्या शतकातील अल्पपरिचित वसाहतयुद्धांकडे वळतात. १८६८ सालची अबिसीनियावरील, म्हणजे आजच्या इथिओपियावरील, ब्रिटिश स्वारी ही त्यांपैकीच एक.

या छंदाला रणपिपासूंचा चाळा म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. त्याची गाजलेली आरंभीची नियमावली १९१३ साली लिहिली ती एच. जी. वेल्स या समाजवादी लेखकाने. आणि खरे युद्ध किती मूर्खपणाचे असते हे या खेळाने उमगते, असाच निष्कर्ष त्याने काढला. आमचा आक्षेप निराळा आहे. खेळ रंगायचा तर दोन्ही बाजूंना जिंकण्याची संधी हवी. वसाहतयुद्धात नेमकी तीच नव्हती.

सम्राट तेवोद्रोसने १८६२ साली राणी व्हिक्टोरियाला पाठविलेल्या पत्राला उत्तर मिळाले नाही. संतापून त्याने ब्रिटिश वकिलाला व इतर युरोपियनांना कैदेत टाकले. ते कृत्य समर्थनीय नव्हते. परंतु त्याचे प्रायश्चित्त कोणी भोगले? १० एप्रिल १८६८ रोजी मग्दाला गडाजवळ अरोगी येथे लढाई झाली. ब्रिटिश पायदळाच्या हाती मागून भरायच्या नव्या स्नायडर रायफली होत्या. समोर भाले, तलवारी आणि जुन्या बंदुका. सुमारे ७०० इथिओपियन ठार झाले. आक्रमकांचे जखमी २०, त्यांतले दोघे पुढे दगावले. तीन दिवसांनी गड पडला आणि तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली. अशा कत्तलीला मेजावर ‘समतोल’ आणण्यासाठी भालाईतांची संख्या वाढवली जाते, फाशांची मेहेरबानी त्यांच्याकडे झुकवली जाते. खेळ चुरशीचा होतो; इतिहास मात्र खोटा होतो.

शिवाय, मेजावर जे येतच नाही त्याचे काय? ही मोहीम हाकली गेली ती मुंबईतून. तिचा नायक रॉबर्ट नेपियर मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती होता. सुमारे १३ हजार सैनिकांत बहुसंख्य हिंदी होते. त्यांच्यामागे सुमारे २६ हजार बिनलढाऊ माणसे, ४० हजार जनावरे आणि हिंदुस्थानातून जहाजांनी नेलेले ४४ हत्ती. अरोगीला पंजाब पायोनियर पलटण भालाईतांशी हातघाईवर आली, कारण तिच्याकडे तोंडाने ठासायच्या जुन्या बंदुका होत्या; १८५७ नंतर नवे हत्यार काळ्या हातांत द्यायला सरकार बिचकत होते. गोरा शिपाई कुंचल्याखाली झळाळतो. खेचरांचा लगाम धरून पठार चढणारा मजूर मात्र रंगविण्याच्या लायकीचा ठरत नाही.

आणि खर्च? संसदेने आरंभी २० लाख पौंड मंजूर केले; अखेर आकडा ८५ लाखांच्या वर गेला. जादा खर्च इंग्लंडने सोसला, पण हिंदी फौजेचा नेहमीचा पगार हिंदी तिजोरीवर टाकला. ओरिसात १८६६ च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, त्याला पुरते दोन वर्षेही लोटली नव्हती. ज्या युद्धाशी हिंदी रयतेचा काडीचा संबंध नाही त्याचा भार तिच्यावर का, असा आक्षेप दादाभाई नौरोजींनी १८६७ सालीच लंडनमध्ये नोंदवला. तो व्यर्थ गेला.

फासे डबीत परततात तेव्हा खेळ संपतो. युद्ध संपलेले नसते. मग्दालाची लूट १५ हत्ती आणि सुमारे २०० खेचरांवर लादून नेली गेली व तिचा लिलाव झाला. त्या लुटीतील हस्तलिखिते, मुकुट, पवित्र फलक आजही लंडनमध्ये आहेत. सात वर्षांच्या राजपुत्र आलेमायेहूला इंग्लंडला नेले. १८७९ साली अठराव्या वर्षी तो तेथेच वारला. त्याच्या अस्थी मायदेशी पाठवाव्यात ही विनंती बकिंगहॅम राजवाड्याने २०२३ साली नाकारली.

तेव्हा खेळ बंद करा असे आम्ही म्हणत नाही. गुंडीचा रंग चुकू नये म्हणून जुनी दप्तरे धुंडाळणाऱ्यांकडे सत्य सोसण्याची चिकाटी नक्कीच असेल. त्यांनी मेजावर खेचरवाला मांडावा, लिलाव मांडावा, पगाराचे बिल मांडावे. आणि ज्यांचे पूर्वज त्या पलटणींमागे ओझी वाहत गेले त्या आपणही, इथिओपिया आपली लूट परत मागतो तेव्हा, कोहिनूरपुरते न बोलता त्याच्या बाजूने उभे राहावे. तेवढे ऋण आपल्यावर आहे.