गिटार घरघरते, दोष कुणाचा?

घरात इलेक्ट्रिक गिटार शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर पायाने दाबायचे छोटे रंगीत डबेही हळूहळू येतातच. यांना पेडल म्हणतात. एक पेडल सुराला धार देते, दुसरे प्रतिध्वनी देते, तिसरे आवाज मोठ्या सभागृहात घुमवते. एकेका पेडलसाठी हजारो रुपये मोजले जातात. त्यांना वीज देणारा अॅडॉप्टर मात्र बहुधा जुन्या खोक्यातून शोधलेला असतो. मग स्पीकरमधून 'घूंऽऽ' अशी घरघर सुरू होते आणि दोष कधी गिटारला, तर कधी वाजवणाऱ्याला दिला जातो.

प्रथम दोष कुठे आहे ते शोधावे. अनेक पेडलांत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी बसते. एकच पेडल बॅटरीवर लावून पाहावे. घरघर थांबली तर दोष वीजपुरवठ्याचा. न थांबता, गिटार घेऊन जागच्या जागी वळल्यावर ती कमीजास्त झाली, तर ट्यूबलाइट किंवा पंख्याचा रेग्युलेटर बंद करून पाहावा. (वाजवून झाल्यावर पेडलच्या इनपुटमधली वायर काढून ठेवावी, नाहीतर बॅटरी उतरत राहते.)

नवा वीजपुरवठा घेताना पेडलच्या मागचा मजकूर कागदावर उतरवून दुकानात न्यावा.

व्होल्ट : बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो, काहींना १२ किंवा १८ व्होल्ट, तर मोजक्यांना एसी. जे लिहिले असेल तेच द्यावे.

पिनेची दिशा : गिटार पेडलांत सहसा मधली पिन ऋण असते. वाय-फाय राउटरचा अॅडॉप्टर बहुधा १२ व्होल्टचा आणि मधली पिन धन असलेला असतो; त्याची पिन पेडलमध्ये अगदी बरोबर बसते! पिन बसली म्हणजे अॅडॉप्टर चालतो असे मुळीच नाही. पेडल जळू शकते.

मिलिअॅम्पिअर : साध्या डिस्टॉर्शनला १०-२० मिलिअॅम्पिअर पुरतात, डिजिटल पेडलला १०० ते ३०० किंवा त्याहूनही अधिक लागतात. सगळ्यांची बेरीज करावी आणि निदान दीडपट क्षमतेचा पुरवठा घ्यावा. क्षमता जास्त असल्याने नुकसान होत नाही, कारण पेडल आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेते. व्होल्टची गोष्ट मात्र वेगळी. ते जास्त झाले की धोका.

आयसोलेटेड आउटपुट : दोन-तीन साधी पेडले असतील, तर एक चांगला रेग्युलेटेड अॅडॉप्टर आणि त्यातून फाटे फुटणारी वायर पुरते. पण त्याच वायरीवर डिजिटल पेडल आले, की त्याची किरकिर इतर पेडलांतही शिरते. अशा वेळी प्रत्येक आउटपुट आतून वेगळे असलेला पुरवठा घ्यावा. काही स्वस्त डब्यांना आठ-दहा छिद्रे असतात, पण ती आतून एकाच तारेला जोडलेली असतात. म्हणून 'प्रत्येक आउटपुट आयसोलेटेड आहे का?' असे स्पष्ट विचारावे. जुन्या धर्तीची काही फझ पेडले उलट जोडणीची असतात. त्यांना नेहमी स्वतंत्र पुरवठा द्यावा.

परदेशातून कुणी अॅडॉप्टर आणला, तर त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिले आहे का ते पाहावे. फक्त १२० व्होल्टचा अॅडॉप्टर आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर जळेल. भारतात घेताना भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह पाहावे.

घरघर घालवण्यासाठी काही जण अँप्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात. आवाज कदाचित थांबतोही. पण हा उपाय जिवावर बेतू शकतो. बहुतेक इलेक्ट्रिक गिटारच्या तारा आतून अँप्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात आणि वादकाची बोटे त्याच तारांवर असतात. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे, रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. तो २७ वर्षांचा होता.

तेव्हा अर्थिंगची पिन कुणालाही काढू देऊ नये. मुले जिथे सराव करतात त्या खोलीतले सॉकेट वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा कॉलेजच्या कार्यक्रमात वाजवायचे असेल, तर तिथल्या अर्थिंगची चौकशी आधीच करावी आणि गिटार व माइक एकाच अर्थिंगवर ठेवायला सांगावे. पुढचे पेडल महिनाभर उशिरा आले तरी चालेल. हे काम मात्र या आठवड्यातच उरकावे.