रात्री शिकवायला कोण असतं?

जीएनएम नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे मी, आणि स्पष्टच सांगते: नाईटला आम्हाला शिकायला पाठवत नाहीत, रिकाम्या जागा भरायला पाठवतात. ट्यूटर मॅडम संध्याकाळी पाचला घरी जातात. रात्री आठला आम्ही वॉर्डात शिरतो तेव्हा शिकवणारं एकही माणूस त्या इमारतीत नसतं. तरी वहीत ते तास प्रशिक्षणाचे म्हणून मांडले जातात. ही धडधडीत फसवणूक आहे, आमची आणि पेशंटचीही.

मेल मेडिकल वॉर्ड बघा. खाटा चाळीस, खाली गाद्यांवर टाकलेले पेशंट वेगळे. एक स्टाफ सिस्टर, दोन स्टुडंट. रक्त लावलं की पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही. थंडी वाजते का, पुरळ येतं का, धाप लागते का ते बघायचं. हे आम्हाला शिकवलंय, परीक्षेतही विचारलंय. रात्री दोनला मी अशाच एकाच्या नाडीवर बोटं ठेवून उभी होते. पलीकडच्या खाटेवर दारू अचानक बंद झाल्यामुळे भ्रमात गेलेला माणूस होता. त्यानं सलाईन उपटलं आणि रक्त गळत्या हातानं तो दाराकडे निघाला. सिस्टर पेशंट घेऊन आयसीयूत गेलेल्या, दुसरी मुलगी ऑक्सिजनचा सिलेंडर बदलत होती. मी कुणाला सोडायचं? मी जागेवरून ओरडले, एका नातेवाइकानं त्याला धरलं, म्हणून निभावलं. यातून मी काय शिकले, ते मला कॉलेजनं सांगावं.

शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स असावी, रजेसाठी आणखी 30 टक्के धराव्यात, ही भारतीय परिचर्या परिषदेची शिफारस आहे. तिन्ही पाळ्यांत वाटल्या तरी चाळीस खाटांना रात्री किमान चार पगारी नर्स येतात. प्रत्यक्षात एकच असते. बाकीचं काम ज्या मुलीकडून करून घेतात, तिचे आईबाप तिची फी भरत असतात.

पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात मंद चालतं, डोळे उघडे असूनही लक्ष राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2007 मध्येच झोपेचं चक्र मोडणाऱ्या पाळ्यांना कर्करोगाचं संभाव्य कारण म्हटलंय. पहाटेच्या त्याच वेळेला आमचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास), सकाळची सॅम्पलं, मग सहाची इंजेक्शनं. आठला पुढच्या पाळीला ओव्हर द्यायची, ती नऊपर्यंत लांबते, आणि दहाला लेक्चर. हजेरी 80 टक्के लागते, त्यामुळे झोपायचं कधी याचं उत्तर वेळापत्रकात नाही.

आणि चूक झाली की जबाबदार कोण? 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. वरच्यांचं निलंबन झालं, बदल्या झाल्या. फौजदारी गुन्हा नोंदवला गेला तो दोन परिचारिकांवर. आग विझवण्याची यंत्रणा बसवणं त्यांच्या हातात होतं का? आम्ही सगळ्यांनी ती बातमी वाचलीय. रात्रीच्या चार्टवर सही करताना ती आठवते.

कपडे बदलायच्या खोलीला आमच्याकडे आतून कडी नाही. 27 नोव्हेंबर 1973 ला केईएम रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलायला गेलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, त्या जवळजवळ 42 वर्षं अंथरुणाला खिळून राहिल्या. एवढं होऊनही कडीसाठी अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज पडून राहतो.

‘आम्हीही असंच शिकलो, तुम्ही नाजूक झालात,’ असं सीनियर सिस्टर म्हणतात. मॅडम, तुम्ही सोसलंत, पण ते योग्य होतं असं त्यातून ठरत नाही. नाईट नकोच, असं मी म्हणत नाही. पेशंट रात्रीच जास्त बिघडतो. श्वासाचा आवाज बदलला की ओळखणं रात्रीच शिकता येतं. पण शेजारी उभं राहून ‘हे ऐक’ म्हणणारं कुणी हवं ना!

आम्हाला स्टाफच्या संख्येत धरणं बंद करा. नाईटनंतरचा दिवस लेक्चरविना सोडा, आणि हजेरी कापू नका. ड्युटी लिस्टवर माझ्या नावापुढे नाईट लिहाल, तेव्हा त्या रात्री वॉर्डात हजर राहणाऱ्या ट्यूटरचं नावही त्याच ओळीत लिहा.