शालेय बातमीपत्र कसें असावें?

प्रार्थनेनंतर विद्यार्थ्यांनीं ध्वनिक्षेपकावरून बातम्या वाचाव्या, ही प्रथा स्तुत्य होय. परंतु मोठ्या वृत्तपत्रांतील चार मथळे उतरून घेऊन वाचणें म्हणजे बातमी देणें नव्हे. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ सालीं मुंबईस जें पत्र काढिलें, त्याचें नांव 'दर्पण'. आरशांत प्रथम समोरचें दिसावें.

आपल्या अंबाजोगाईस धनेगांवच्या मांजरा धरणाचें पाणी येतें. २०१६ सालीं तें धरण आटलें आणि लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा समयीं नळास पाणी कधीं येणार, याहून मोठी वार्ता कोणती? ती चुकल्यास घरोघरच्या मातांचे हेलपाटे वाढतात. म्हणून बातमीदारानें ऐकीव गोष्टीवर न विसंबतां नगरपरिषदेंत जाऊन विचारावें, माहिती कोणाकडून मिळाली तें वाचतांना सांगावें, आणि चूक झाल्यास दुसऱ्याच दिवशीं सर्वांसमक्ष ती दुरुस्त करावी.

कोणी म्हणेल, मुलांवर एवढा भार कशास? शब्द पारखून बोलण्याची संवय शाळेंत न लागल्यास पुढें ती लावणार कोण? विद्यार्थ्यांनो, तीनच बातम्या द्या. मात्र त्यांतील प्रत्येक शब्दास जामीन राहा.